जेन ऑस्टेनच्या नादाला लागून तुम्ही काय काय केलंत?

इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टेन वाचणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. कुणाला ती बी.ए.ला लावलेली होती, कुणी १९९५ ची बीबीसीची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही मालिका बघून मागाहून पुस्तकांकडे वळलं. या धाग्यावर मात्र कादंबऱ्या कशा वाटल्या ते नको, त्यावर आपलं पुरेसं भांडून झालंय. तिच्या नादाने घराबाहेर पडून काय केलंत ते लिहा. सहल, नाच, वाचनाचा अड्डा, शिवणकाम, काहीही चालेल. २०२५ मध्ये तिच्या जन्माला अडीचशे वर्षं झाली, तेव्हा बऱ्याच जणी कुठे कुठे जाऊन आल्याचं कानावर आलं आहे. त्यांनी तर लिहायलाच हवं.

सुरुवात माझ्यापासून. इंग्लंडात बाथ गावी २००१ पासून सप्टेंबरात दहा दिवस ऑस्टेनचा उत्सव भरतो. ती तिथे १८०१ ते १८०६ राहिली. गाव सोडून दोन वर्षं झाल्यावर तिने बहिणीला पत्र लिहिलं, त्याचा सूर 'सुटलो बाई एकदाचे' असाच आहे. बाथकरांनी ते मनावर घेतलेलं नाही. उत्सवातला मोठा कार्यक्रम म्हणजे मिरवणूक. बॉनेटवाल्या (हनुवटीखाली फीत बांधलेल्या टोपीतल्या) बायका, उंच हॅटवाले पुरुष, लाल कोटातले शिपाई असे शेकडो लोक दोनशे वर्षांपूर्वीच्या पोशाखात शहरातून चालत जातात. २०१४ मध्ये इथे ५५० जण असे नटून एकत्र जमले आणि गिनीज बुकात गेले.

पोशाख भाड्याने मिळतो, पण मला शिवायचाच होता. इथे आपलं पारडं जड आहे बरं का. तेव्हाच्या इंग्रज बायका ज्या पातळ पांढऱ्या कापडासाठी जीव टाकत, ती मलमल आपल्याकडची, बंगालची. ऑस्टेनच्या एका कादंबरीतला नायक बहिणीसाठी अस्सल हिंदुस्थानी मलमल फक्त पाच शिलिंग वाराने आणल्याची फुशारकी मारतो! मी आईची जुनी मलमलची साडी घेतली, पांढरी, बारीक जरीच्या काठाची. कमर छातीच्या लगेच खाली, गळ्याला नाडी, बाही फुग्याची, आणि काठ बरोबर घेराला खाली आणला. पदराची ओढणी झाली. आत घालायची कडक अंगी मात्र विकत घेतली, ते शिवण माझ्या आवाक्यातलं नव्हतं. आईला फोटो पाठवला तर पहिला प्रश्न, "काठ कापलास का गं?" नाही कापला.

मिरवणुकीत शेजारी डेव्हनहून आलेल्या एक आजी होत्या. आधी त्यांनी काठ हातात घेऊन निरखला, जरी म्हणजे काय ते विचारून घेतलं. मग उरलेला सगळा रस्ता आम्ही 'पर्सुएशन' कादंबरीतल्या कॅप्टन वेंटवर्थने आठ वर्षं रुसून बसणं योग्य होतं का, यावर वाद घातला. त्या त्याच्या बाजूने, मी अजिबात नाही. दुतर्फा लोक फोटो काढत होते आणि आम्हा दोघींचं लक्षच नव्हतं.

दक्षिण लंडन

आमचा मराठी बायकांचा वाचनगट उन्हाळ्यात बॉक्स हिलला गेला होता. सरे परगण्यात डॉर्किंगजवळची ही टेकडी. 'एमा'मधली ती गाजलेली सहल इथलीच. कादंबरीत कबुतराचं मांस भरलेले 'पाई' आणि थंड मटण असा बेत ठरतो. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि काकडीची सँडविचेस नेली.

जेवणं झाल्यावर पुस्तकातलाच खेळ मांडला. प्रत्येकीने एक फार हुशारीची गोष्ट सांगायची, किंवा दोन बऱ्यापैकी, किंवा तीन अगदी रटाळ. पुस्तकात मिस बेट्स ही गरीब, बडबडी बाई म्हणते, तीन रटाळ तर मला तोंड उघडताच जमतील. त्यावर एमा तिला सगळ्यांदेखत टोमणा मारते, की एका वेळी तीनच हीच तुमची अडचण.

आमच्यात एक मावशी होत्या, सूनबाईंकडे सहा महिने राहायला आलेल्या. कादंबरी वाचलेली नव्हती, सुनेने ट्रेनमध्ये गोष्ट सांगितली होती तेवढीच. त्यांची पाळी आल्यावर म्हणाल्या, "तीन रटाळ आहेत माझ्याकडे, ऐकाल का?" पहिली गुडघ्याची. दुसरी गावाकडच्या फ्लॅटच्या पाणीपट्टीची. तिसरी, इथे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घरात कुणी नसतं, ही. कुणाला काय बोलावं सुचेना. मग त्यांनीच विचारलं, "त्या एमाला नंतर कुणी झापलं की नाही?" झापलं, तिच्या जुन्या स्नेह्याने, नायटलीने झापलं, असं आम्ही एका सुरात सांगितलं. मावशींना नायटली तिथल्या तिथे पसंत पडला. आता त्या गटाच्या पक्क्या सभासद आहेत, पुण्याहून फोनवर असतात.

कोल्हापूर

वाचतेय, मजा येतेय. बाथला पोशाखाशिवाय गेलं तर हाकलून देतात का हो ताई?

(धागाकर्ती : नाही हो. मिरवणुकीत चालायचं तर तिकीट आणि पोशाख दोन्ही हवेत, कडेला उभं राहून बघणं फुकट. उत्सव नसला तरी पम्प रूममध्ये जाऊन तिथल्या गरम झऱ्याचं पाणी प्या. जमिनीतून ४६ अंशांवर वर येतं. चवीचं विचारू नका.)

एडिसन, न्यू जर्सी

उत्तर अमेरिकेतली जेन ऑस्टेन सोसायटी १९७९ पासून आहे आणि ठिकठिकाणी तिच्या शाखा आहेत. वार्षिक सभा दरवर्षी नव्या शहरात भरते. दिवसभर निबंध आणि व्याख्यानं, रात्री मेजवानी आणि बॉल, म्हणजे नाचाचा समारंभ. शाखांमध्ये डिसेंबरात १६ तारखेच्या आसपास वाढदिवसाचा चहा असतो : स्कोन, जॅम, क्रीम, जेनच्या नावाने पेला उंचावणं आणि एक प्रश्नमंजूषा, जी दर वर्षी त्याच बाई जिंकतात.

मी आयटीवाला गृहस्थ. या मंडळींत पुरुष मोजकेच, त्यामुळे नाचाच्या तालमीत मला भलताच भाव. नाच असा : समोरासमोर दोन लांब रांगा, प्रत्येक जोडी शेजारच्या जोडीबरोबर एक फेरी करते, मग एक जागा सरकते आणि समोर नवी जोडी येते. ज्याने नवरात्रात दांडिया खेळला आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पुढे उभी राहून एक बाई पुढची चाल ओरडून सांगत असते.

'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधले एलिझाबेथ आणि डार्सी नाचता नाचता इतके टोमणे कसे मारतात, दम कसा लागत नाही, असं मला वाचताना नेहमी वाटायचं. अहो, लांब रांगेत बराच वेळ नुसतं उभंच राहायचं असतं! आपली पाळी येईपर्यंत समोरच्या माणसाकडे बघत काहीतरी बोलणं भाग पडतं. नाही बोललात तर ते चारचौघांत दिसतं. तो अख्खा प्रसंग मला तालमीच्या हॉलमध्ये, घामेजलेल्या शर्टात कळला.

अवांतर : मालिकेत त्या दोघांच्या नाचाला जी प्रसिद्ध धून आहे ती १६९५ च्या नृत्यपुस्तकातली. कादंबरी १८१३ ची. म्हणजे तेव्हाच्या तरुणांच्या लेखी ती पणजोबांची धून. आमच्या शाखेत हे दर वेळी कुणीतरी सांगतंच, आणि तरी दर वेळी ती लावतातच.

नाशिक

मी बायकोमागून गेलेला माणूस, त्यामुळे माझा अनुभव वेगळा. हॅम्पशरमधल्या चॉटन या खेड्यात जेन शेवटची आठ वर्षं राहिली ते घर बघितलं. ज्या टेबलावर ती लिहायची म्हणतात ते अक्रोडाच्या लाकडाचं बारा कोनी टेबल एवढंसं आहे, की आमच्या घरी त्यावर फोन चार्जिंगला ठेवला असता. घर वाचलं कसं ते मला जास्त भावलं. १९४० मध्ये, ऐन महायुद्धात, काही लोकांनी या घरासाठी म्हणून सोसायटी काढली. पुढे युद्धात मुलगा गमावलेल्या एका वकिलाने त्याच्या स्मरणार्थ घर विकत घेऊन विश्वस्त संस्थेकडे सोपवलं, आणि १९४९ ला संग्रहालय उघडलं.

आता भक्तांची कमाल ऐका. लोक आपल्या माणसांच्या अस्थी गुपचूप त्या बागेत विखरून जायचे. शेवटी २००८ मध्ये संग्रहालयाला जाहीर विनंती करावी लागली, की कृपया थांबवा.

तिथून विंचेस्टर. १८१७ मध्ये ती वारली, कॅथीड्रलमध्ये पुरलंय. फरशीवरच्या दगडावर तिच्या स्वभावाची, बुद्धीची स्तुती आहे, पण कादंबऱ्या लिहिल्याचा एका शब्दाने उल्लेख नाही. लोक कबर शोधत येऊ लागल्यावर १८७२ मध्ये भिंतीवर पितळी फलक लावून ती चूक भरून काढली. सहलीच्या बसमध्ये बाकी सगळे पात्रांवरून इतके तावातावाने बोलत होते, की मी अजून एकही पुस्तक वाचलेलं नसून कोण कसं आहे ते सांगू शकतो. मिस्टर कॉलिन्स हा लाळघोटा पाद्री तर लगेच ओळखू आला. आमच्या ऑफिसात एक होता.

पुणे

आमचा रविवार सकाळचा अड्डा. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची पात्रं वाटून घ्यायची आणि संवाद मोठ्याने वाचायचे. मिसेस बेनेट, पाच मुलींची आई, कुणालाच नको असायची. हावरट, आरडाओरडा करणारी बाई कोण करणार? शेवटी बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या एका काकूंनी ती घेतली आणि पुढच्या रविवारी आकडेमोड करूनच आल्या. नवऱ्याचं उत्पन्न वर्षाला २,००० पौंड, पण जमीन मुलींना मिळणार नाही, दूरच्या नातेवाईकाकडे जाणार. बायकोमुलींच्या नावे ठेवलेत एकूण ५,००० पौंड. चार टक्क्यांनी वर्षाचं व्याज २००. उद्या नवरा गेला तर सहा बायकांनी दोन हजारांवरून दोनशेवर यायचं, राहतं घर सोडून. "आणि हा गृहस्थ लायब्ररीचं दार लावून विनोद करत बसतो. त्या घरात काळजी करणारं माणूस एकच होतं," असं म्हणून त्यांनी जो पट्टा सोडला! त्यानंतर ती भूमिका दुसऱ्या कुणी मागितलीच नाही.

बेंगळुरू

थोडा खडा टाकते. मलमलीचं कौतुक खरं, पण ते कापड आणि त्या शाली कंपनी सरकारच्या वाटेने तिथे जात होत्या. 'मॅन्सफील्ड पार्क'मध्ये लेडी बर्ट्रम सोफ्यावरून सांगते, भाचा विल्यम ईस्ट इंडीजला गेला तर बरं, मला शाल मिळेल. किंवा दोनच आणू दे. ऑस्टेनच्या स्वतःच्या घरातही हे होतंच. तिची आत्या फिलाडेल्फिया १७५२ मध्ये नवरा शोधायला मद्रासला आली, तिची मुलगी एलायझा कलकत्त्यात जन्मली, वॉरन हेस्टिंग्ज तिचा धर्मपिता. जेनचा धाकटा भाऊ चार्ल्स आरमारात होता, तो १८५२ मध्ये ब्रह्मदेशच्या युद्धात इरावतीवर वारला.

आमच्या ऑनलाइन गटात मी यावर बोलले. मला वाटलं होतं लोक नाराज होतील. उलट दोन तास चर्चा चालली, आणि सगळ्यांत जास्त प्रश्न ज्या बॉनेट घालून बसल्या होत्या त्यांनीच विचारले. पोशाखवाल्यांना उथळ समजू नये, एवढं मात्र मी तिथून घेऊन आले.

मुंबई

वरच्या ताईंच्या कंपनी सरकारवरून आठवलं. ऑस्टेनवेड्यांच्या गुप्त मंडळाची पहिली गाजलेली गोष्ट 'द जेनाइट्स' लिहिली ती आपल्या जे.जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेल्या किपलिंगने, १९२४ मध्ये. तीत पहिल्या महायुद्धातले तोफखान्याचे शिपाई ऑस्टेनचे भक्त असतात आणि खंदकात तोफांना तिच्या पात्रांची नावं देतात. एका तोफेचं नाव अर्थातच डार्सीच्या दरडावणाऱ्या मावशीचं, लेडी कॅथरीन. बॉनेट नाही, चहा नाही, सगळे दाढीवाढले पुरुष.

किपलिंगचा वाढदिवस ३० डिसेंबरला, जेनचा १६ ला. मधल्या एखाद्या रविवारी फोर्टात जमून ती गोष्ट मोठ्याने वाचायची का? पाच-सहा जण तयार झाले तर जागेचं मी बघतो. भाषा अवघड आहे, शिपाई अगदी बोलीत बोलतात, तेव्हा येताना आधी एकदा वाचून या. एडिसनचे दादा तेव्हा सुट्टीवर इकडे असतील तर नाचही शिकवून टाका.