ट्रॅक्टर बायकोच्या नावावर, चावी कोणाच्या खिशात?

वावरवाली (दारव्हा): शोरूमसमोर हार घालून, नारळ फोडून बाईचा फोटो निघतो. कारण सरळ आहे: ट्रॅक्टरच्या अनुदानात महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्पभूधारकांना ५० टक्के, कमाल सव्वा लाख, बाकीच्यांना ४० टक्के, कमाल एक लाख. सातबाऱ्यावर बाई, आरसीवर बाई, सीटवर मात्र नवरा. माझा ट्रॅक्टर मी स्वतः चालवते. सीट मागं पडते म्हणून पाठीशी गोधडीची घडी ठेवते. पुढच्या एक्सलच्या निपलांना ग्रीस मी मारते, पेरणीच्या धुळीत एअर क्लीनरचं तेल काळं झालं की तेही मीच बदलते. पोळ्याला बैलांसोबत त्यालाही बेगड लावते, लोक हसले तरी. माझं मत: चालवायचा नसेल तर बाईचं नावही लावू नका.

धुऱ्यावरचा: ताई, राग नका मानू. अकरा एकर वावर, ट्रॅक्टर एकच. पंचवीस हजार जास्त भेटले ते घरातच आले ना? बायकोले शिक म्हटलं होतं, तिचा पाय क्लचले पुरत नाई. मंग मी चालवला त काय चोरी झाली काय?

वावरवाली: चोरी नाही म्हणत. पण विकायची वेळ आली की तिला विचारता का, ते सांगा.

धुऱ्यावरचा: सही तिचीच लागते.

वावरवाली: सही लागते म्हणता. मी विचारण्याचं बोलतेय.

संत्रावाली (वरूड): माझी पिकअप आहे. संत्री भरून नागपूरच्या कळमना बाजारात मीच नेते. गावातल्या शहाण्यांनी सांगितलं, मालवाहू गाडीला वेगळा परवाना लागतो, बाईनं भानगडीत पडू नये. सुप्रीम कोर्टानं २०१७ ला आणि परत नोव्हेंबर २०२४ ला सांगितलं आहे की साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालते. निकालाचा कागद डॅशबोर्डमध्येच ठेवते. काट्यावर रांगेत उभी असली की पोट्टे टायरले लाथ मारून पाहतात, तेवढा मात्र राग येतो बाप्पा!

पुसदची सून: मी उलटं सांगते. मला चालवायचाच नाही. सैपाक, गुरं, निंदण, वेचणी आमच्याकडेच. आता नांगरटीही आम्हीच करायची अन् नवऱ्यानं पारावर तंबाखू मळायचा? गाडीवर प्रेम वगैरे ठीक, पण हे प्रेम म्हणजे एक काम वाढलं.

वावरवाली: हा मुद्दा खरा आहे, याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. आमच्या घरी मी स्टिअरिंग धरलं तेव्हा नवऱ्यानं कमरेला फडकं बांधून कापूस वेचला. गावानं चेष्टा माझ्यापेक्षा त्याचीच जास्त केली.

धुऱ्यावरचा: करनच ना!

पुसदची सून: वेचणीला खरंच आला? मग आमच्याकडेही विषय काढते. पण ग्रीस मी मारणार नाही, आधीच सांगून ठेवते.