लेगो रंगावर नको, आकारावर लावा
लेगोचे ठोकळे आवरायचे तर रंगानुसार डबे करा असा सल्ला देतात, फोटोत भारी दिसतं पण लेगोला ते चालत नाही. लाल डब्यात लालच रंगाचा दोन टिकल्यांचा (म्हणजे वर दोन गोल उंचवटे असलेला) चपटा तुकडा शोधून बघा, सगळंच लाल मग डोळ्याला सापडणार काय. उलट चपट्यांच्या डब्यात लाल लगेच उठून दिसतो. आमच्याकडे चाकं, माणसं नि बारके चपटे एवढंच वेगळं, बाकी सगळं जुन्या चादरीवर, खेळ झाला की चार कोपरे धरून गाठोडं आणि ढकल पलंगाखाली.

आणि हो, धुवायचे असतील तर पाणी ४० अंशांच्या वर नको असं लेगोवालेच सांगतात, गच्चीत उन्हात तर अजिबात वाळवू नका, पांढरे तुकडे पिवळे पडतात.