ट्रॉफीवर दहावी घालू का अकरावी? आजच सांगा

बापू:
मंडळी, कोल्हापुरातच आहे, शनिवारी रात्री निघतोय. आपल्या ब्रिटनमधल्या पोरांच्या गुणगौरवाच्या १४ ट्रॉफ्या महाद्वार रोडला कोरायला टाकल्यात. वैनींच्या यादीत बारा पोरांपुढं ११ लिहिलंय आणि दोघांपुढं १३, नाव कोरणारा हसायला लागला, म्हणाला साहेब तेरावी कुठं असतीय? दुकान बंद व्हायच्या आत सांगा, दहावी घालू का अकरावी.

शुभांगीवैनी:
मी लिहिलंय तेच बरोबर आहे. जीसीएसई, म्हणजे इंग्लंडातली सोळाव्या वर्षाच्या आसपासची बोर्डाची परीक्षा, इयर ११ लाच असते. यादी माझ्याकडं आहे, परस्पर बदलू नये.

विनायक:
वैनी, बरोबर आहे पण तिकडं भारतात पहिलीला पोरगं सहा वर्षांचं लागतं, इंग्लंडात इयर १ ला पाच. म्हणून आकडा एकानं पुढं, वय तेवढंच. इयर ११ म्हणजे आपली दहावी, १३ म्हणजे बारावी. थोरला आठवीतनं इकडं आला तर शाळेनं जन्मतारीख बघून थेट इयर ९ ला बसवला, मी कौतुकानं लॅमिनेट करून आणलेली मार्कलिस्ट हातातसुद्धा घेतली नाही. धाकटी २९ ऑगस्टची, वर्गात सगळ्यात बारकी. तीन दिवस उशिरा, म्हणजे १ सप्टेंबरला झाली असती तर एक वर्ष खाली बसली असती.

एडिंबराचे काका:
इंग्लंड म्हणजे सगळं नव्हे. आमच्याकडं स्कॉटलंडात एस ४ ला, म्हणजे माध्यमिकच्या चौथ्या वर्षाला, नॅशनल ५ ची परीक्षा, एस ५ ला हायरची. हायरवर सतराव्या वर्षीसुद्धा युनिव्हर्सिटीत जाता येतं, मग ऑनर्स डिग्री चार वर्षांची. आमची दोन पोरं यंदाही यादीत नाहीत, गेल्या वर्षीचं विसरलो नाही.

अण्णा:
अकरावीच घाल रे. आमच्या वेळी मॅट्रिक अकरावीलाच होती. मी पास झालो तेव्हा वडिलांनी फक्त एक सायकल पुसायला दिली, ती पण त्यांचीच.

शुभांगीवैनी:
काका, फॉर्मची तारीख तीनदा मेल केली होती.

विनायक:
बापू, कांदालसूण चटणी दोन किलो आण, घरगुतीच बघ.

बापू:
चटणीचं नंतर. कोरणाऱ्यानं तोडगा काढलाय, वर 'गुणगौरव', खाली नुसतं नाव, इयत्ता नाहीच. काका, दोन नावं पाठवा लगेच, जोडाक्षरं नीट लिहा, एकदा कोरलं की पुसत नाही.