पुण्यात फ्लॅट घ्यायचा की जुळे सोलापुरातच राहायचं? पुढच्या वर्षी रिटायर होतोय

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होतो. पुढच्या जूनला ५८ पूर्ण होतात आणि निवृत्त होतोय. प्रायव्हेट नोकरी, टेरी टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्सला, त्यामुळं सरकारी पेन्शन वगैरे काही नाही, ईपीएसची (पीएफसोबतची पेन्शन) साडेचार हजाराच्या आसपास जी काय बसेल तेवढीच. पीएफ साधारण ३४ लाख होईल, ग्रॅच्युइटी ९ लाख आणि इकडंतिकडं केलेल्या एफडी मिळून १२ लाख. कर्ज एक रुपयाचं नाही. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात रो हाऊस आहे, १९९९ ला बांधलेलं, खाली दोन खोल्या वर दोन, जिना बाहेरून. एजंट म्हणतो ६५ लाख आरामात येतील, आता एजंट काय म्हणतातच.

मुलगा हिंजवडीला आयटीत, सूनबाई पण नोकरीला, दोघं वाकडला भाड्यानं राहतात, नात दीड वर्षाची. मुलगा म्हणतो इथलं विका आणि आमच्याजवळ टू बीएचके घ्या, ९० लाखांपर्यंत बरा मिळतो. मिसेसचं अर्धं मन नातीपाशी आणि अर्धं इथल्या भिशीत. मला म्हणाल तर पुणे आवडतं पण चार दिवसच. तरी पाण्याचं बघितलं की वाटतं जावं, नळाला पाणी कितव्या दिवशी येणार याच्या हिशोबात उमर गेली आपली.

५५ लाख आणि एक घर, एवढ्यात पुण्यात दोघांचं नीट भागेल का? अनुभवी लोकांनी सांगा. एफडी सोडून बाकी गुंतवणुकीतलं मला फार कळत नाही, अकाउंट्सला असून.

निवृत्त_कॅशियर

साहेब, आधी कागदावर मांडू, मग पुणे का सोलापूर ते बघू.

९० चा फ्लॅट ९० ला पडत नाही. पुण्यात स्टॅम्प ड्युटी सगळं धरून ७ टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार, वर रजिस्ट्रेशनचे ३० हजार. एकट्या वहिनींच्या नावावर घेतला तर १ टक्का कमी, ते ९० हजार वाचवा. बांधकाम चालू असलेला घेतला तर ५ टक्के जीएसटी वेगळा, कम्प्लिशन सर्टिफिकेट (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला) मिळालेल्या तयार फ्लॅटला तो नाही. मग ग्रिल, पंखे, किचन ट्रॉल्या, सामान हलवणं. एक कोटी धरूनच चाला.

आता ६५ घराचे आले, वर पदरचे ३५ घातले, हातात राहिले २०. ते सिनियर सिटीझन स्कीममध्ये टाकले तर ८.२ टक्क्यांनी त्याचे वर्षाला १ लाख ६४ हजार, म्हणजे महिन्याला साडेतेरा हजार. पेन्शन धरून १८. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स चार-साडेचार हजार गेला की उरल्या साडेतेरा-चौदा हजारात वाकडला दोघांनी महिना काढायचा, लाईट बिल, औषधं, येणंजाणं सगळं त्यातच. दोनशे टक्के जमणार नाही. पोराकडं हात पसरायची वेळ येईल आणि ते तुम्हाला रुचणार नाही, तुमच्या लिहिण्यावरूनच कळतंय.

घर न विकता बघा. सिनियर सिटीझन स्कीम तशी ६० नंतरची, पण ५५ च्या पुढं निवृत्त झालेल्याला निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत खातं काढता येतं, फक्त मिळालेल्या रकमेपेक्षा जास्त टाकता येत नाही. तुमचे पीएफ-ग्रॅच्युइटीचे ४३ आहेत, मर्यादा ३० ची, म्हणजे पूर्ण ३० टाका. सध्याच्या ८.२ नं दर तिमाहीला ६१,५०० खात्यात. आणि हे ३ महिने चुकवू नका, नाहीतर ६० होईपर्यंत थांबावं लागेल. पोस्टाची एमआयएस, म्हणजे मासिक उत्पन्न योजना, दोघांच्या नावावर १५ लाख, ७.४ नं महिन्याला ९,२५०. दोन्ही मिळून महिना २९,७५०, पेन्शनसकट ३४ हजार. सोलापुरात स्वतःच्या घरात हे मजेत पुरतं.

पण एक आहे, हे व्याज वाढत नाही आणि भाजी वाढते. महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षांत खर्च दुप्पट, म्हणजे तुम्ही ७० चे व्हाल तेव्हा आजच्या २८ हजारांचे ५६ झालेले असतील. म्हणून उरलेले १० लाख सगळेच्या सगळे एफडीत कोंबू नका. ४ लाख दवाखान्यासाठी हाताशी, बाकीचे साध्या इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाबरोबर चालणारा म्युच्युअल फंड) नाहीतर बॅलन्स्ड फंडात (थोडे शेअर्स, थोडे कर्जरोखे) टाकून ८-१० वर्षं तिकडं बघूच नका. हे ऐकून तुमचा चेहरा कसा झाला असेल ते दिसतंय मला, काउंटरवर लई बघितलेत असे चेहरे.

साखरपेठेची_सून

मी वाकडलाच राहते म्हणून लिहितेय. सासरे साखर पेठेतले, घरी आम्ही तेलुगू बोलतो. ते आणि सासूबाई निवृत्तीनंतर आमच्याकडे आले तेव्हा आधी आमच्याच फ्लॅटमध्ये होते, सहा जणांत एक बाथरूम मोकळं मिळायचं नाही, मग आमच्याच सोसायटीत पलीकडच्या बिल्डिंगमध्ये वन बीएचके भाड्याने घेतला. हे फार बरं पडलं, सासूबाई दुपारी मुलांना बघायच्या आणि संध्याकाळी स्वतःच्या घरी जाऊन सीरियल लावून बसायच्या, कुणाचं कुणाला ओझं नाही. सासऱ्यांना मात्र पहिलं वर्ष जड गेलं, सोलापुरात कोपऱ्यावर गेले तरी चार लोक थांबवून बोलणारे आणि इथे लिफ्टमध्ये शेजारी मोबाईलमधून मान वर काढत नाही. नंतर ज्येष्ठांचा ग्रुप मिळाला, आता सकाळी वेळच नसतो त्यांना.

खरी गोष्ट पुढेच आहे. दोन वर्षांनी मिस्टरांना कंपनीने हैदराबादला पाठवलं. सासरे भाड्याने होते म्हणून एक महिन्याची नोटीस दिली आणि सरळ सोलापूरला परत, घर तिकडे होतंच. आम्ही परत आलो तेव्हा तेही परत आले. तेव्हा फ्लॅट घेऊन बसले असते तर कोणासाठी राहिले असते इथे? आयटीवाल्या मुलाच्या पत्त्यावर आईवडिलांनी आयुष्यभराची पुंजी लावू नये, हे माझं मत, नवरा आयटीत असूनही.

आणि काका, पाण्याचं मनातून काढून टाका. उन्हाळ्यात इकडे सोसायट्या टँकरवर चालतात आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्येच येतात.

हायवेवाला

मी उलट बोलणार, राग मानू नका. सगळे ५८ च्या माणसाचा हिशोब मांडताय, ७५ च्या माणसाचा कोण मांडणार? आत्ता हातपाय चालतात तर हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी साडेसहाला बसून साडेदहाला पुण्यात, वंदे भारत आहेच, हौस आहे. उद्या दोघांपैकी एक अंथरुणाला खिळला तर बाहेरून जिना असलेल्या घरात दुसऱ्यानं एकट्यानं काय करायचं? पोरगा अडीचशे किलोमीटरवरून रात्री गाडी मारत येणार, आणि पहाटेचा आपला हायवे काय आहे ते मला विचारा. नव्या गावात ओळखी ६० ला होतात, ७५ ला होत नाहीत. आणि पुण्यातला ९० चा फ्लॅट दहा वर्षांनी कुठं असेल आणि जुळे सोलापूरचं रो हाऊस कुठं असेल हे पण बघा. पैसे कमी पडतात तर टू बीएचकेचा हट्ट सोडा, थोडं लांब वन बीएचके घ्या पण जायचं तर आत्ताच.

निवृत्त_कॅशियर

हायवेवाले, ७५ चा मुद्दा मान्य आहे. पण फ्लॅटची किंमत वाढली म्हणून किराणा मिळत नाही. राहत्या फ्लॅटवर बँकेकडून दरमहा पैसे घ्यायची रिव्हर्स मॉर्गेजची सोय २००७ च्या बजेटपासून आहे, मला तरी काउंटरला ती मागणारं गिऱ्हाईक क्वचितच दिसलं, कारण पोरांना काय वाटेल. आणि दवाखान्यासाठी पुणंच पाहिजे असं काही नाही ओ, धाराशिव, कलबुर्गी, विजयपूरचे पेशंट सोलापूरला येतात की. अगदी मोठं काही निघालं तर पुणे-मुंबई, ते जाऊन-येऊन करता येतं.

दवाखान्यावरून आठवलं, कंपनीचा मेडिक्लेम निवृत्तीच्या दिवशी बंद होतो. स्वतःची पॉलिसी आत्ताच घ्या. आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३ वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, तो नोकरीत असतानाच सुरू होऊ दे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटी पण नाही. घेताना एवढं विचारा की सोलापूरच्या पत्त्यावर घेतलेल्या पॉलिसीवर पुण्यात ॲडमिट झालं तर काही टक्के खिशातून भरायला लागतात का, काही पॉलिस्यांत शहरांचे झोन असतात आणि ते बिल हातात आल्यावर कळतं. ७० नंतर आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड मिळेल, उत्पन्नाची अट नाही, पण त्याला अजून १२ वर्षं आहेत.

जुळेसोलापूरकर

सगळ्यांचे आभार. मिसेसला वाचून दाखवलं, साखरपेठेच्या सूनबाईंचं तिला लगेच पटलं.

आता नवीन भानगड अशी की काल मुलाशी बोललो तर तो म्हणतो, बाबा घर विकू नका, तुम्ही पीएफमधले ३० लाख द्या, बाकीचं मी होम लोन काढतो, थ्री बीएचके घेऊ, सगळे एकत्र राहू. मुलगा चांगला आहे, सून पण चांगली आहे, त्याबद्दल काही नाही. पण ३० लाख म्हटलं की रात्री झोप लागली नाही. त्याला नाही कसं म्हणायचं?

कोर्टाच्या_मागे

मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे, ही वाक्यं मी टेबलाच्या या बाजूला बसून रोज ऐकतो आणि बहुतेक वेळा ती खरी असतात. तरी सांगतो.

द्यायचेच असतील तर ॲग्रीमेंटवर तुमचं किंवा वहिनींचं नाव सहमालक म्हणून पाहिजे, घातलेल्या पैशाच्या हिश्शासकट. लोन आहे म्हणून बँक सगळ्या मालकांना कर्जदार करून घेईल, म्हणजे ५८ व्या वर्षी २० वर्षांच्या कर्जावर तुमची सही. आणि नाव न लावता दिले तर ते कायद्यानं बक्षीस, परत मागायची सोय संपली. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे, त्यात सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळवता येते, पण ती अट दस्तात लिहिलेली असेल तर भांडायला सोपं जातं, आणि पोराकडून अशी अट कोण लिहून घेतो? वर त्यासाठी प्रांत अधिकाऱ्याकडं हेलपाटे मारायचे. ती वेळच येऊ देऊ नका.

तिसरी गोष्ट, सोलापूरचं घर मुलाच्या नावावर करून टाका असं कुणीतरी नातेवाईक म्हणणारच, कारण महाराष्ट्रात मुलाला राहतं घर बक्षीस द्यायला मुख्य स्टॅम्प ड्युटी २०० रुपयेच आहे, वर थोडा स्थानिक सेस. स्वस्त आहे म्हणून करू नका. मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार, साक्षीदार वाटेकरी नकोत, जमलं तर रजिस्टर करा. तुमच्यानंतर आधी वहिनींना, मग मुलाला.

नाही कसं म्हणायचं विचारलंत. कॅशियरसाहेबांचा हिशोब त्याच्यासमोर ठेवा, ३० दिले तर आम्ही महिन्याला २० हजारांना मुकतो, तू देणार का? भावनेवर वाद घालू नका, आकड्यावर बोला, आयटीतला आहे, एक्सेल शीट पाठवा.

हायवेवाला

हे मात्र बरोबर. एकत्र राहा पण नाव लावून.

निवृत्त_कॅशियर

घर विकण्याचा विचार पुढं कधी परत आला तर टॅक्सचं ध्यानात ठेवा. तुमच्या व्याजावर काही बसणार नाही, इन्कम टॅक्सच्या नव्या रिजीममध्ये १२ लाखांपर्यंत शून्यच आहे, पण घर विकल्याचा नफा त्या सवलतीत येत नाही. २००१ च्या आधीचं घर असल्यानं १ एप्रिल २००१ ची सरकारी किंमत खरेदी म्हणून धरता येते, व्हॅल्युअरकडून रिपोर्ट करून घ्या. समजा ती ४ लाख निघाली तर ६१ लाखांवर साडेबारा टक्क्यांनी साडेसात लाखांच्या वर टॅक्स, अधिक सेस. दुसरं घर घेतलं तर वाचतो, नाहीतर सहा महिन्यांच्या आत सरकारी बाँड्समध्ये ५० लाखांपर्यंत टाकायचे, ५ वर्षं अडकतात. विकून नुसतं भाड्यानं राहायचं असेल तर हा खर्च कुणी सांगत नाही.

जुळेसोलापूरकर

आकडे पाठवले मुलाला. तो दोन दिवस गप्प होता, मग सुनेचा फोन आला, म्हणाली बाबा तुमचं बरोबर आहे, आमच्या सोसायटीत वन बीएचके १८ हजारात मिळतोय, बघायला या. म्हणजे तिलाही थ्री बीएचकेचा हप्ता नकोच होता असं दिसतंय.

तर आता असं ठरवतोय की वरच्या दोन खोल्या कुलूप लावून आमच्यासाठी ठेवायच्या, खालचा मजला भाड्यानं द्यायचा, ७ हजार येतील. पाऊस सुरू झाला की वाकडला, आणि जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला परत. ३४ आणि ७ म्हणजे ४१, त्यातले भाड्याचे १८ गेले की २३. तंग आहे, पण सूनबाई म्हणते पाळणाघराला १२ हजार जातात त्यातले निम्मे तुमच्या भाड्यात घालते. घ्यावेत का ओ? नातीला सांभाळायचे पैसे घेतल्यासारखं वाटतं.

साखरपेठेची_सून

घ्या काका, बिनधास्त घ्या. आम्ही पण द्यायचो. मोफत असलं की सुट्टी मागता येत नाही, सासूबाईंनी हेच सांगितलं होतं मला. आणि आठवड्यातला एक दिवस तुमचा, हे पहिल्याच महिन्यात ठरवून टाका.

कोर्टाच्या_मागे

खालच्या मजल्याचं लिव्ह अँड लायसन्स (भाडेकरार) रजिस्टर करूनच द्या, ११ महिन्यांचं का असेना. पुण्यातल्या तुमच्या भाड्याचंही तसंच, आणि नोटीस पिरियड एक महिन्याचा लिहून घ्या, मालक लोक तीन लिहितात. सोलापुरात भाडेकरू बघताना शक्यतो बदलीवर आलेला नोकरदार बघा. बोअरची मोटर आणि हौद कोण बघणार ते करारातच लिहा, जुळे सोलापुरात भांडणं भाड्यावरून कमी आणि पाण्यावरून जास्त होतात.