नगरसेवकाच्या प्रचाराचा खर्च करदात्याने का उचलावा?

सिॲटलकर

सिॲटलमध्ये शहराच्या निवडणुकीच्या वर्षी नोंदणीकृत मतदाराच्या घरी टपालाने चार व्हाउचर येतात, प्रत्येकी २५ डॉलरची. ती वटवून आपल्याला पैसे मिळत नाहीत. योजनेत सामील झालेल्या उमेदवाराला ती द्यायची, मग शहर तेवढी रक्कम त्याच्या प्रचारखात्यात भरते. २०१५ साली मतदारांनीच कौल देऊन ही योजना आणली, २०१७ मध्ये ती पहिल्यांदा वापरात आली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मतदारांनी तिला आणखी दहा वर्षे दिली. पैसा मालमत्ता करातून येतो. पहिल्या दहा वर्षांसाठी वर्षाला ३० लाख डॉलर ठरले होते.

इथल्या बऱ्याच मराठी मंडळींना ही उधळपट्टी वाटते. माझे मत उलटे आहे. उमेदवाराला पैसा कुठून तरी आणावाच लागतो. तो बिल्डरकडून किंवा बड्या कंपनीकडून आणला, तर निवडून आल्यावर कोणाचा फोन आधी उचलला जाणार हे वेगळे सांगायला नको. व्हाउचर आल्यापासून भाड्याच्या घरात राहणाऱ्याच्या दारात जाण्यातही उमेदवाराचा फायदा आहे, कारण त्याच्याकडेही द्यायला शंभर डॉलर असतात. ग्रीन कार्डवाल्याला मत देता येत नाही, पण अर्ज केला की व्हाउचर मिळतात. वर्षानुवर्षे कर भरूनही ज्यांना कोणी विचारत नव्हते, त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नाही.

हिशेबनीस

माझा पूर्ण विरोध. ज्याची धोरणे मला शहरासाठी घातक वाटतात, त्याच्या पत्रकांसाठी माझ्या घरावरचा कर का? हाच प्रश्न घेऊन काही मालमत्ताधारक न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने योजना वैध ठरवली, हे मला माहीत आहे. पण वैध ते योग्यच असते असे नाही. बहुतेक लोकांची व्हाउचर तर न वापरताच पडून राहतात.

खरा दोष पुढे आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७६ च्या बकली विरुद्ध व्हॅलेओ निकालापासून अमेरिकेत प्रचारखर्चावर सक्तीची मर्यादा घालता येत नाही; सरकारी पैसा घेणाऱ्याने ती राजीखुशीने मानायची. इथे उमेदवार ती मानतो, पण विरोधकाच्या बाजूने बाहेरचा पैसा वाढला की अर्ज करून उठवून घेतो. २०१९ मध्ये ॲमेझॉनने चेंबर ऑफ कॉमर्स या उद्योजकांच्या संघटनेच्या निवडणूक निधीत सुमारे १५ लाख डॉलर ओतले, तेही व्हाउचर असताना. धनदांडग्यांचा पैसा जागच्या जागी राहिला, वर करदात्याचा आला.

सिॲटलकर

२०१९ चे उदाहरण पूर्ण सांगू या. त्या निधीने सात जागांवर उमेदवार पुरस्कृत केले, निवडून आले दोन. हे केवळ व्हाउचरमुळे झाले असे मी म्हणणार नाही. एवढा पैसा पाहून मतदार चिडलेही होते. पण समोरच्यांकडे आपली बाजू घरोघर पोचवण्याइतका पैसा होता आणि तो हजारो लोकांकडून आला होता. बाहेरचा पैसा कमी होईल असा दावा मी करतच नाही. त्याच्यासमोर उभे राहता यावे, एवढेच मागतो.

करावर आक्षेप असेल तर ॲरिझोना पाहा. तिथे १९९८ च्या कायद्याने दिवाणी आणि फौजदारी दंडांवर दहा टक्के अधिभार लावून निधी उभा केला. २००२ मध्ये जॅनेट नपोलिटानो सरकारी निधीवर प्रचार करून गव्हर्नर झाल्या.

हिशेबनीस

त्याच ॲरिझोनात श्रीमंत प्रतिस्पर्ध्याने जास्त खर्च केला की सरकारी निधी घेणाऱ्या उमेदवाराला वाढीव पैसा मिळे. ती तरतूद २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द केली. मग उभे राहणार कसे?

क्वीन्सवासी

दोघांनीही न्यूयॉर्क सोडले. इथे १९८८ पासून शहराचा मॅचिंग फंड आहे. आता एकास आठ. शहरातल्या माणसाने महापौरपदाच्या उमेदवाराला दहा डॉलर दिले की वर ऐंशी शहराचे. मला हे व्हाउचरपेक्षा पटते, कारण देणारा आधी स्वतःच्या खिशात हात घालतो. महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या २०२५ च्या प्राथमिक फेरीत माजी गव्हर्नर कुओमो यांच्या बाजूने बाहेरच्या एका गटाने दोन कोटी डॉलरहून जास्त खर्च केले, तरी छोट्या देणग्या आणि मॅचिंगवर लढलेले ममदानी जिंकले.

गैरप्रकाराची भीती मात्र खरी आहे. तेव्हाचे महापौर ॲडम्स यांच्यावर दुसऱ्यांच्या नावाने देणग्या दाखवून मॅचिंग मिळवल्याचा आरोप झाला. तो खटला पुढे रद्द झाला, पण त्याआधीच डिसेंबर २०२४ मध्ये हा निधी वाटणाऱ्या शहराच्या मंडळाने त्यांना तो नाकारला होता. असे ‘नाही’ म्हणू शकणारे मंडळ नसेल तर ही योजना आणूच नये.

कृष्णाकाठ

सातारा जिल्ह्यातून लिहितो. आपल्याकडे १९९८ मध्ये इंद्रजित गुप्ता समितीने सरकारी मदत सुचवली, पण वस्तुरूपाने आणि फक्त मान्यताप्राप्त पक्षांना. अपक्षाला काही नाही. जिल्हा परिषदेच्या गटात स्वतःच्या हिमतीवर उभा राहणारा पोरगा त्यात कुठे बसतो? विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा, पक्षाच्या खर्चाला कसलीच नाही. आधी हे भोक बुजवा, मग आमचा कर मागा.

आणि व्हाउचर इथे आणली तर गठ्ठ्याने विकत घेतली जातील. मत विकत घेणाऱ्याला कागद विकत घ्यायला कितीसा वेळ?

क्वीन्सवासी

म्हणूनच मॅचिंग. गटातल्या मतदाराने यूपीआयने शंभर रुपये दिले, तर नोंद राहते, तपासता येते.

कृष्णाकाठ

नोंद राहते हीच अडचण आहे, दादा. ज्या सोसायटीतून पीककर्ज उचलायचे, ज्या कारखान्याला ऊस घालायचा, तिथल्या संचालकाविरुद्ध उभ्या असलेल्याला मी पैसे दिले हे जाहीर यादीत आले, तर माझी तोड कधी येईल?

हिशेबनीस

मग नावे लपवायची? फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक रोखे त्याच कारणाने रद्द झाले ना?

कृष्णाकाठ

कंपनीचे कोट्यवधी आणि शेतकऱ्याचे शंभर रुपये एका तराजूत घालू नका. वीस हजारांपर्यंतच्या देणगीदाराचे नाव आजही पक्षांना आयोगाला कळवावे लागत नाही. माझे नाव आयोगाने तपासावे, पाहिजे तर घरी येऊन विचारावे, पण चावडीवर लावू नये. पक्षांना जी सवलत आहे ती अपक्षाला शंभर रुपये देणाऱ्यालाही मिळाली, तर मॅचिंगच्या बाजूने मी गावोगाव बोलायला तयार आहे.