जानेवारीत नाशिक, बाबांची स्प्लेंडर आणि गडाची फेरी

प्रेषक: सदस्य, मिसिसॉगा
3 डिसेंबर

नमस्कार मंडळी,

20 तारखेला आम्ही पाच आठवड्यांसाठी नाशिकला निघतोय. इंदिरानगरच्या घराखाली बाबांची 2011 ची स्प्लेंडर उभी आहे. गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिला कुणी हात लावलेला नाही. मी कॉलेजात असताना दर जानेवारीत आम्ही दोघं पहाटे साडेचारला निघून वणीच्या गडावर जायचो. यंदा मी चालवीन, बाबा मागे बसतील, असं मनात आहे.

इथे दर एप्रिलला मी माझी बाइक बाहेर काढतो. पण ती चार्जर लावून, पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घालून नीट ठेवलेली असते. वर्षभर नुसती उभी राहिलेली गाडी कधी हाताळलेली नाही. तिथे कुठून सुरुवात करू? थंडीची काळजी नाही, उणे 15 ची सवय आहे.

---

प्रेषक: मंडळाचे माजी खजिनदार, सध्या मुक्काम नाशिक
4 डिसेंबर

गाडीचं सांगतोच, पण आधी थंडीचं बोलतो. तुझं शेवटचं वाक्य वाचून मला स्वस्थ बसवेना.

उणे 15 मध्ये तू घरातून गाडीत आणि गाडीतून ऑफिसात जातोस. इथे निफाडला पारा 5 च्या खाली उतरतो, तुझ्या वाटेवरच्या दिंडोरीकडेही फार वेगळं नसतं, आणि तू त्या हवेत तासभर उघड्यावर असणार. कॅनडाचं हवामान खातं ज्या सूत्राने विंडचिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी, काढतं, त्यात हे आकडे घालून बघ: 8 अंश तापमान आणि ताशी 60 चा वेग म्हणजे उघड्या कातडीला साधारण 2 अंश. 5 अंश असेल तर शून्याच्याही खाली.

मी परत आल्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात असाच पहाटे साडेपाचला दिंडोरी रोडने निघालो होतो. हातात पातळ सुती मोजे. म्हसरूळ मागे पडेस्तोवर बोटं बधिर झाली होती, पण थांबलो नाही. थंडीने मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटवतात. तो धूर पहाटे धुक्यात मिसळून रस्त्यावर बसतो. त्यातून उसाची ट्रॉली समोर आली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. मला ती वेळेवर दिसली. ब्रेक दाबायचा हेही वेळेवर सुचलं. बोटं मिटली नाहीत. ट्रॉलीला चाटून कडेच्या चारीत गेलो, खांद्याचं हाड मोडलं. हे मी मंडळात कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगतो. साडेचारला निघायचं डोक्यातून काढ. ऊन पडू दे, दव सुकू दे, आठनंतर नीघ. साखर कारखान्यांचा हंगाम चालू आहे, ट्रॉल्या दिवसाही असतात, पण निदान दिसतात.

आता गाडी. पेट्रोल आधी. वर्षापूर्वीचं पेट्रोल टाकीत असेल तर सगळं काढून टाक. हल्ली त्यात इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं, पाणी तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल कर, वाटीतलं जुनं पेट्रोल बरणीत घे. वार्निशसारखा वास आला किंवा चिकट पिवळं निघालं तर मेकॅनिककडून जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीक छिद्रं, साफ करून घे, चोक लावून लावून किका मारत बसू नकोस. एअर फिल्टरचा डबा उघडून बघच. थंडीत उंदीर तिथे घर करतात.

ऑइल बदल, जेमतेम लिटरभर लागतं. 10डब्ल्यू-30 च घाल. कुणी जाड 20डब्ल्यू-50 घालू म्हणेल, ते गार सकाळी इंजिनात वर चढायला वेळ लावतं. पहिल्यांदा चालू करण्याआधी स्विच बंद ठेवून आठदहा वेळा किक मार, म्हणजे ऑइल वरपर्यंत जाईल.

बॅटरी बहुतेक गेली असेल. रात्रभर चार्ज करून, चार्जर काढल्यावर चार तासांनी मोज. 12.6 व्होल्ट असेल तर ठीक, 12.4 च्या खाली असेल तर नवी घे. किकने गाडी सुरू होईल, पण पडक्या बॅटरीवर हॉर्न आणि इंडिकेटर मरतात.

टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 3516 म्हणजे 2016 चा पस्तिसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसू दे, इतकं जुनं रबर गार रस्त्यावर पकड घेत नाही. हवा सकाळी, गाडी फिरवण्याआधी मोजायची. दुपारी 30 अंशाला भरलेली हवा पहाटे 8 अंशाला साधारण 3 पीएसआयने उतरलेली असते. नवे टायर टाकलेस तरी पहिले 100 किलोमीटर जपून.

ब्रेकचे ड्रम उघडून लायनर बघ, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला ऑइल सोड. चेन, दिवे तुला माहीत आहे. आणि आरसी बघ. 2011 ची गाडी, 15 वर्षांची मुदत तपासायला हवी. विमा आणि पीयूसी तर संपलेलेच असणार.

---

प्रेषक: सदस्या, ऑटवा
4 डिसेंबर

खजिनदारकाका, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं झालं.

मी इमर्जन्सीत नर्स आहे, म्हणून बाबांबद्दल लिहिते. मागे बसलेला माणूस हलत नाही, त्याचं अंग चालवणाऱ्यापेक्षा लवकर गारठतं. वय झालेल्या माणसाला ते जाणवतंही उशिरा. हुडहुडी भरली की थांबायचं. हुडहुडी थांबून बोलणं जड झालं तर तो आणखी मोठा धोका आहे. त्यात ऑपरेशन झालेला गुडघा तासभर दुमडून बसायचं, हे त्यांच्या सर्जनला विचारल्याशिवाय करू नकोस. बाबांना कारने ने. गडावर 2018 पासून फ्युनिक्युलर, म्हणजे रुळांवरून वर नेणारी ट्रॉली आहे, पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत.

तुझ्या कपड्यांचं: आत सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं. थर्मल, वर लोकर, सगळ्यांत वर वारा अडवणारं जाकीट. जाकिटाच्या आत छातीवर वर्तमानपत्राच्या घड्या ठेवायचे माझे आजोबा, ते आजही चालतं. हेल्मेटखाली जाड कानटोपी घातली तर हेल्मेट नीट बसत नाही, डोकं-मान झाकणारा पातळ बालाक्लावा घाल. हातमोजे इथूनच चांगले ने, आणि दर अर्ध्या तासाला थांबून चहाच्या ग्लासावर हात शेक.

आणखी एक. तू संक्रांतीच्या सुमारास तिथे असशील. नायलॉन मांजावर हरित लवादाने 2017 मध्ये बंदी घातली, तरी तो अजून गळे कापतो. मफलर गुंडाळू नकोस, त्याचं टोक चाकात जातं. गळा पूर्ण झाकणारी जाड पट्टी लाव, आणि हँडलला मांजा अडवणारी तारेची कमान बसवून घे. त्या आठवड्यात शहरात 30 च्या वर जाऊच नकोस.

---

प्रेषक: सदस्य, मिसिसॉगा (सध्या नाशिक)
19 जानेवारी

काका, वहिनी,

फिल्टरच्या डब्यात खरंच उंदराचं घर निघालं, कापूस आणि शेंगांची टरफलं. मागचा टायर 2014 चा होता. दोन्ही टायर, बॅटरी, ट्यूब आणि लायनर नवे टाकले. टाकीतून निघालेलं पेट्रोल चहाच्या रंगाचं होतं. आरसीच्या नूतनीकरणात चार दिवस गेले. कमान बसवली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिला अडकलेला मांजा मी स्वतः सोडवला.

काल गडावर जाऊन आलो. साडेआठला निघालो. ताई आणि बाबा कारमध्ये, मी पुढे. ऊन होतं तरी दिंडोरीपर्यंत डाव्या हाताची करंगळी बधिर झाली होती. काका, तुमची ट्रॉली आठवली. तिथेच थांबलो, वीस मिनिटं. बाबा कारमधून उतरले आणि माझे हात त्यांच्या शालीत घेऊन बसले.

सर्जन म्हणाले होते, दहा-पंधरा मिनिटं बसायला हरकत नाही. म्हणून येताना दुपारी अडीचला, वणी गाव सोडल्यावर बाबा मागे बसले. कोट, शाल, हेल्मेट, सगळं. चाळीसच्या वेगाने आठ किलोमीटर. दोन्ही बाजूंना कागदात गुंडाळलेले द्राक्षांचे घड होते. मला वाटलं ते बागा बघतायत. उतरल्यावर म्हणाले, "टॅपेट वाजतंय. सेट करून घे."

उद्या सकाळी नेतोय. सकाळी म्हणजे दहाला.