मदत हवी आहे: क्लॅरिनेटच्या कार्यक्रमासाठी तबला, हॉल आणि वादक (वडोदरा)

नमस्कार मंडळी, दांडिया बाजार भागात आम्ही काही जण मिळून थंडीत फक्त क्लॅरिनेटची एक संध्याकाळ करतोय. शिकणारी मुलं, लग्नाच्या बँडमधले जुने वादक, सगळे एकाच स्टेजवर. वरातीत ही माणसं तासन् तास वाजवतात पण बसून शांतपणे त्यांना कोणी ऐकत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता अडचण अशी की बहुतेकांकडे बी फ्लॅट क्लॅरिनेट आहे, म्हणजे त्यांनी 'सी'ची बोटं धरली की पेटीवरचा काळी पाच (सप्तकातली पाचवी काळी पट्टी) वाजतो आणि सगळ्यांचा हात तिथेच बसलाय, पण आमच्याकडचे तबले काळी एकचे. काळी पाचला लागणारा तबला कोणाकडे आहे का एका दिवसासाठी? नीट सांभाळून परत देऊ.

दुसरं, एसी हॉल घ्यावा का? क्लॅरिनेट गार पडलं की सूर उतरतो, चढला तर बॅरल (तोंडाजवळचा छोटा जोड) जरा बाहेर ओढून जमवता येतं पण उतरलेल्याला फुंकून गरम करण्याशिवाय इलाज नाही, आणि पेटीचा सूर तर जागचा हलत नाही. त्यामुळे मला साधा पंख्यांचा हॉलच बरा वाटतोय, दीडेकशे माणसं बसतील असा, कोणाला माहीत असेल तर भाडं किती तेही सांगा.

आणि क्लॅरिनेटचे पॅड (भोकं झाकणाऱ्या छोट्या गाद्या) बदलून देणारा कारागीर इथेच कोणी आहे का? दोन-तीन काकांच्या वाद्यांतून हवा जाते, खालचे सूर लागतच नाहीत. ओळखीत कोणी वाजवणारं असेल तर त्यांना विचारून मला मेसेज करा, प्लीज.